शिकाऊ व्यक्ती अकरा मिनिटं निष्क्रिय आहे

बायको गेली त्या दिवशी दुपारी तीन वाजून सात मिनिटांनी माझ्या फोनवर संदेश आला. 'तुमच्याशी संबंधित शिकाऊ व्यक्ती अकरा मिनिटं निष्क्रिय आहे. कृपया तिला जागं करा.'

मी तेव्हा खाली दुकानात होतो. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा माझा धंदा. खाली दुकान, वर घर. ती वर बसून कंपनीचं काम करायची. प्रोग्रामर होती, चोवीस वर्षं. संदेश कंपनीच्या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून आला होता. तिथे प्रत्येकाला आपल्या घरचं एक माणूस नोंदवून ठेवावं लागतं. शिकताना एखाद्याचा माउस हलला नाही, तर ते सॉफ्टवेअर आधी त्याला विचारतं, मग त्याच्या साहेबाला कळवतं आणि मग घरच्या माणसाला. असे संदेश मला आधीही आले होते. एकदा ती दाराशी पार्सल घ्यायला गेली होती, एकदा नुसती खिडकीतून बाहेर बघत बसली होती.

संदेश वाचून मला बरं वाटलं. म्हटलं, लागला एकदाचा डोळा. आठ दिवस ती धड झोपली नव्हती. 'टोळ' नावाचं काहीतरी नवीन आलं होतं आणि ते शुक्रवारपर्यंत शिकायचं होतं. या गोष्टींची खरी नावं इंग्रजीत असतात, पण अर्थ असेच. टोळ, कासव, पाणकोंबडी. बायको म्हणायची, ही नावं ठेवणाऱ्यांना कुणीतरी एकदा प्राणिसंग्रहालयात नेऊन आणा, म्हणजे त्यांची हौस फिटेल.

मी उत्तर लिहिलं, 'झोपू द्या तिला.' समोर एक मोठं मशीन चालू होतं. त्याचा आवाज वर जातो, म्हणून तेही बंद केलं आणि बिनआवाजाची कामं काढली. बॉबिन पुसल्या, सुयांच्या पुड्या लावून ठेवल्या. साडेचारला चहा करायला वर गेलो, तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. तीनच्या सुमाराला एका झटक्यात झालं असणार, तुम्ही लगेच वर आला असतात तरी फरक पडला नसता. मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणाले. लॅपटॉप तसाच उघडा होता. पडद्यावर लिहिलं होतं, 'तुम्ही अजून आहात ना?' खाली दोन बटणं होती. एकावर 'आहे' आणि दुसऱ्यावर 'आहे, पुढे चालू ठेवा'.

पाचव्या दिवशी तिच्या कंपनीची दोन माणसं घरी आली. एक तिच्या गटाचा लीड. वय एकोणतीस, पण डोळ्यांखालची वर्तुळं बघितली तर माझ्याहून मोठा वाटेल. दुसऱ्या, प्रशिक्षण विभागाच्या बाई. फुलं आणि एक फॉर्म घेऊन आल्या होत्या. माझी मेहुणी घरातच होती, तिने फुलं हातात घेतली. फॉर्म माझ्याकडे आला.

"काका, नुसतं कारणापुढे खूण करायची," बाई म्हणाल्या.

कारणं चार होती. राजीनामा, निवृत्ती, बदली, दीर्घ रजा.

"ती गेली, असं यात कुठे आहे?"

"तसा रकाना नाहीये हो. म्हणजे आमच्याकडे नोकरीत असताना असं कुणाचं झालेलंच नाही. लोक त्याच्या आधीच सोडून जातात."

"थोडं आधी," लीड म्हणाला.

मेहुणी म्हणाली, "भावोजी, काहीतरी एक खूण करा आणि त्यांना मोकळं करा. ही फुलं घेऊन मी केव्हाची उभी आहे."

मी प्रामाणिकपणे विचार केला. राजीनामा तिने दिला नव्हता. निवृत्तीला अकरा वर्षं होती. बदली म्हणायला जीभ वळेना. मी दीर्घ रजेवर खूण केली आणि सही केली. माझी चूक झाली ती इथे. गिऱ्हाइकाने मशीनला काय झालंय ते विचारलं, की जे खरं असेल त्याच्या जवळचं सांगायचं, ही माझी सवय. तीच नडली.

लॅपटॉप कंपनीचा, तो त्यांनी नेला. ते जिना उतरून गेले आणि मला 'बदक' आठवलं.

हे जरा सांगायला हवं. कामात कुठे अडलं की बायको खाली दुकानात यायची, स्टुलावर बसायची आणि काय अडलंय ते मला पहिल्यापासून सांगू लागायची. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. माझं काम एवढंच, की हातातलं मशीन न सोडता मधूनमधून "मग?" म्हणायचं. चौथ्या-पाचव्या "मग?"ला ती बोलता बोलता थांबायची, "थांबा, सापडलं" म्हणायची आणि जिना चढून निघून जायची. आभार वगैरे काही नाही. या लोकांत ही पद्धतच असते म्हणे. कुणी टेबलावर रबराचं बदक ठेवतं आणि अडलं की त्याला सांगतं. सांगता सांगता स्वतःची चूक स्वतःलाच ऐकू येते. बायको मैत्रिणींना म्हणायची, माझं बदक शिलाई मशीन दुरुस्त करतं.

दुकानात गिऱ्हाईक असलं, की ती वरच लॅपटॉपपुढे बोलायची आणि ते रेकॉर्ड करून ठेवायची. त्या फोल्डरचं नाव 'बदक'. "सगळं तुम्हालाच उद्देशून आहे," असं एकदा म्हणाली होती. "म्हातारपणी ऐका. तोवर कळेल कदाचित."

तिचा आवाज माझ्याकडे दुसरीकडे कुठेच नव्हता. फोटो काढायला उभी राहायची नाही, व्हिडिओ म्हटला की आत जायची. मेहुणीच्या घरचा एक व्हिडिओ आहे, त्यात ती मागून "पंखा लावा कुणीतरी" म्हणते. तेवढंच. तीन शब्द.

मी लीडला फोन केला. त्याने बघून सांगितलं, "आहे काका. 'बदक' म्हणून फोल्डर आहे, एकेचाळीस रेकॉर्डिंग आहेत."

"मग दे मला."

"देता येत नाही. मॅडम रजेवर आहेत. रजेवरच्या माणसाचं खासगी काही त्याच्या सहीशिवाय देता येत नाही."

"अरे, ती सही कशी करणार?"

"तेच ना." पलीकडून कीबोर्ड वाजला. "नोकरी संपली की मग घरच्यांना देता येतं. पण तुम्ही रजा टाकलीत. आणि रजेवरून थेट नोकरी संपवायची, तर शिकणं शंभर टक्के पूर्ण हवं."

"रजेवर शिकायचं?"

"रजा ही शिकण्याची संधी मानतात आमच्याकडे."

"तिचं किती झालंय?"

"त्र्याऐंशी."

कारण बदलता येतं का, ते मी विचारलं. बदलता येत होतं, पण त्यासाठी रजेवरच्या व्यक्तीने स्वतः हजर व्हायला हवं होतं.

राहिले सतरा टक्के. तिचा फोन माझ्याकडे होता आणि त्यात ते शिकवणारं सॉफ्टवेअर होतंच. फोनचं कुलूप मला माहीत होतं, आमच्या दुकानातल्या पहिल्या मशीनचा नंबर. मी मशीनच्या पाट्यावर फोन उभा केला, टोळाचा कोर्स लावला आणि 'आहे, पुढे चालू ठेवा' हे बटण दाबलं.

सुरुवातीला माझ्या नाकी नऊ आले. एक गोरागोमटा माणूस हात हलवत बोलायचा आणि मध्येच म्हणायचा, "आहे की नाही सोपं?" व्हिडिओ पुढे पळवता येत नसे. दर दहा मिनिटांनी 'आहे' म्हणावं लागे. शेवटी परीक्षा, चार-चार उत्तरांची. पहिल्या परीक्षेत नापास झालो. दुसऱ्यांदा नापास झालो. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं, की सगळ्यात लांब उत्तर असतं तेच बरोबर असतं.

उदाहरण सांगतो. 'टोळ हा आधीच्या तंत्रापेक्षा चांगला का?' एक, तो वेगवान आहे. दोन, तो सोपा आहे. तीन, तो नवीन आहे. चार, तो वेगवान, सोपा आणि नवीन असून भविष्यातील गरजांशी सुसंगत आहे. चौथं दाबलं, पास. पुढच्या आठवड्यात कासव आलं. 'कासव टोळापेक्षा चांगलं का?' उत्तर तेच. मग पाणकोंबडी आली. प्रश्न तोच, उत्तर तेच, जनावर वेगळं.

अठ्ठ्याऐंशी टक्के झाले. एक्क्याण्णव झाले. सोमवारी सकाळी बघतो तर एकोणऐंशी. मला वाटलं फोन बिघडला. लीड म्हणाला, "नाही काका, नवीन कोर्स आले. शिकायचं वाढलं, की झालेलं कमी होतं." मी कपाळावर हात मारला. दिवसभर खपून दहा मशीनं दुरुस्त करावीत आणि सकाळी दारात पुन्हा तीच दहा असावीत, फक्त रंग बदललेला, तसा प्रकार. बायको चोवीस वर्षं हे करत होती. दर सोमवारी चहा पिताना ती एकदा फोन बघायची आणि कप खाली ठेवायची. मला वाटायचं चहात साखर कमी पडली.

मेहुणी रोज डबा घेऊन यायची. मला फोनपुढे बसलेला बघून एक दिवस म्हणाली, "भावोजी, ती असताना तिच्या कामात कधी एवढं डोकं घातलं होतंत का?"

"घातलं असतं तर तिनेच बाहेर काढलं असतं."

"तेही खरंच," ती म्हणाली आणि डबा उघडून तिथेच बसली. "ते लांब उत्तर दाबा. मला इथून दिसतंय."

दोन महिन्यांनी बायको कंपनीत पहिली आली. शिकण्यात. तसं पत्रच आलं. 'प्रिय शिकाऊ, तुम्ही थांबला नाहीत!' खाली एक नाचणारा कप. तिचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागला, असं लीडकडून कळलं. तो स्वतःच दुकानात आला होता. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काका, एक विनंती आहे. जरा हळू शिका."

"का रे?"

"तुमच्यामुळे आम्ही मेलोय." मग त्याने जीभ चावली. "सॉरी. पण खरंच. जो पहिला असतो, त्याच्याएवढं सगळ्यांना करावं लागतं. साहेब मीटिंगमध्ये मॅडमचा फोटो लावतात आणि म्हणतात, ही बाई रजेवर असून महिन्यात सतरा कोर्स करते, आणि तुम्ही?"

"ती गेली, हे साहेबांना माहीत नाही?"

"माहीत आहे की. आले होते ना ते स्मशानात, तुमचा हात धरून उभे होते. पण त्यांच्या पडद्यावर जे दिसतं त्यावर त्यांना बोलावं लागतं."

"मी हळू शिकलो तर मला ती रेकॉर्डिंग कशी मिळणार?"

"तेही आहे," तो म्हणाला आणि डोकं हातात धरून बसला. थोड्या वेळाने तसाच, खाली बघत, बोलायला लागला. सकाळपासून एक काम अडलं होतं. एक पान उघडलं की दुसरं बंद होत होतं. मी एक पट्टा बदलत होतो. म्हटलं, "मग?" तो पुढे बोलला. "मग?" आणखी पुढे. पाचव्या "मग?"ला तो थांबला, उभा राहिला, "सापडलं" म्हणाला आणि पळाला. त्याने आभार मानले नाहीत. मला फार दिवसांनी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गटातली दोघं आली. तिसऱ्या दिवशी चौघं. ऑफिस चार चौक सोडून आहे, जेवणाच्या सुट्टीत चालत यायचे. "बदकाकडे जाऊन येतो" असं एकमेकांना सांगायचे म्हणे. काही जण अडलेलं काम सांगायचे. काही नुसते बसायचे. एक मुलगी यायची, ती भिंतीला डोकं टेकायची आणि पंचवीस मिनिटं झोपायची. ती झोपली की मी दर दोन मिनिटांनी खोकायचो, नाहीतर हातोडी टेबलावर आपटायचो. ती दचकली, की माझं काम पुढे सुरू. तिला वाटायचं मला दमा आहे.

एक दिवस लीड माझ्या हाताकडे बघत बसला होता. मी एका जुन्या मशीनचं शटल, म्हणजे खालचा दोरा अडकवणारा भाग, बसवत होतो. म्हणाला, "काका, हे शिकायला किती दिवस लागतात?"

"दोन वर्षं. नीट शिकलं तर."

"मग?"

"मग काय?"

"म्हणजे त्यानंतर काय शिकायचं?"

"त्यानंतर काही नाही. मग येतं."

"येतं?"

"येतं की."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही येतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो रडायला लागला. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. त्याच वेळी मेहुणी डबा घेऊन दारात. तिने त्याला पाणी दिलं आणि माझ्यावर डोळे वटारले. "काय बोललात हो त्याला?"

"काही नाही. शटलबद्दल सांगत होतो."

डोळे पुसल्यावर लीडने एक गोष्ट सांगितली. त्याचं काही दिवसांपासून माझ्याशी बोलायचं चाललं होतं, पण धीर होत नव्हता. शिकवणारं सॉफ्टवेअर स्वतःच जुनं झालं होतं. येत्या शुक्रवारी दुपारी तीनला ते बंद होणार होतं आणि तीन चाळीसला नवं सुरू होणार होतं, पाणकोंबडीवर बांधलेलं. मधली चाळीस मिनिटं एकही कोर्स नसणार.

"मग?" मी म्हटलं.

"म्हणजे शून्यापैकी शून्य. आणि शून्यापैकी शून्य झालं असेल, तर तो प्रोग्राम शंभर टक्के दाखवतो. सगळ्यांना. मी आत जाऊन बघितलं. बारा वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे ते. वर एक टीपही आहे. 'शिकायचं काही उरलं नसेल, तर शिकून झालं असं समजावं.'"

"कुणी लिहिलंय?"

"मॅडमनी."

मी हातातलं शटल खाली ठेवलं.

"त्या चाळीस मिनिटांत हा नोकरी संपवायचा फॉर्म घेऊन या," तो म्हणाला. "प्रशिक्षणबाईंची सही घ्या. तीन चाळीसला त्र्याण्णव कोर्स येणार आहेत, मग आपल्या हातात काही नाही."

शुक्रवारी मी दुकान बंद करून तीनला पाच कमी असताना ऑफिसात पोचलो. खालच्या पहारेकऱ्याने नाव लिहून घेण्यात चार मिनिटं घालवली. लिफ्टने पाचव्या मजल्यावर गेलो. काचेचं दार ढकललं तर आत शांत. मला आधी वाटलं सगळे घरी गेले. मग बघितलं. सगळे झोपले होते.

सबंध मजला झोपला होता. कुणी टेबलावर डोकं टेकून, कुणी खुर्चीत मान मागे टाकून. लीड टेबलाखाली पिशवी डोक्याखाली घेऊन पडला होता, बूट काढून नीट बाजूला ठेवलेले. मीटिंगच्या खोलीत साहेब गालिच्यावर कुशीवर झोपले होते आणि त्यांच्यामागे भिंतीवर माझी बायको, मोठ्या फोटोत. फोटो कंपनीच्या ओळखपत्रावरचा, त्यात ती कंटाळलेली दिसते. प्रत्येक पडद्यावर शंभर हा आकडा. ज्यांना चोवीस तास काहीतरी शिकायचं होतं, त्यांना चाळीस मिनिटं काहीच शिकायचं नव्हतं, तर त्यांनी मान टाकली होती.

प्रशिक्षणबाई कोपऱ्यातल्या टेबलाशी होत्या. कीबोर्डवर गाल, एक हात लोंबकळत. मी फॉर्म घेऊन समोर उभा राहिलो. घड्याळात बघितलं. तीन वाजून सात मिनिटं.

उठवायचं होतं. नुसतं हाक मारायचं काम. पण मला ते होईना. इतकी गाढ झोपलेली बाई, हिला उठवायचं कसं, असं एकदा वाटलं. आणि मग वाटलं, झोपलीच आहे ना? मी वाकून पाठीकडे बघितलं. पाठ हलत होती. पण नंतर पुन्हा वाटलं, की ती हलतेय असं मलाच वाटतंय. तीन एकोणीस झाले. तीन सव्वीस झाले. मला माहीत होतं, की इथून तसाच परत फिरलो तर एकेचाळीस रेकॉर्डिंग गेली. तरी हात पुढे होईना. झोपू द्या तिला, असं मी एकदा लिहिलं होतं.

तीन एकतीसला मी हात बाईंच्या खांद्यावर ठेवला आणि म्हटलं, "बाई, उठा." काही नाही. मी दोन्ही हातांनी खांदा हलवला आणि ओरडलो, "अहो बाई, उठा! उठा म्हणतो ना!"

बाई ताडकन उठून उभ्या राहिल्या आणि किंचाळल्या, "आहे! आहे! पुढे चालू ठेवा!"

त्यासरशी सगळा मजला जागा झाला. टेबलांवरून, खुर्च्यांवरून, टेबलांखालून आवाज आले, "आहे! आहे!" साहेब गालिच्यावरून उठून बसले आणि डोळे न उघडताच हवेत बोटाने बटण दाबू लागले.

मी बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. फॉर्म नुसता पुढे केला. बाईंच्या गालावर कीबोर्डचे चौकोन उमटले होते. त्यांनी फॉर्म बघितला, पडद्यावरचा शंभर बघितला, माझ्याकडे बघितलं.

"काका, तुम्ही कधी आलात?"

"तीनलाच."

"मग उठवायचं ना लवकर!"

"हो," मी म्हटलं. "उठवायला हवं होतं."

रजा संपण्याचं कारण विचारणारा आणखी एक रकाना होता. त्यात 'शिकणं पूर्ण' असं एक कारण होतं. बाईंनी त्यावर खूण केली आणि तीन अडतीसला सही केली. तीन चाळीसला सगळ्यांच्या पडद्यांवर त्र्याण्णव कोर्स आले आणि कुणीतरी मागे "आई गं" म्हणालं.

लीडने रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून दिली. मी रोज एकच ऐकायचं ठरवलं, दुपारच्या चहाच्या वेळी. पहिल्या दिवशी मेहुणीही आली. आवाज सुरू झाला, "हं, ऐका. तर हे पान आहे ना..." आणि मेहुणी उठून उगाचच भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी.

मी ऐकत राहिलो. काय बोलतेय ते कळत नव्हतं, पण जागा कळत होत्या. इथे श्वास घेतला, आता मी "मग?" म्हणायचं. म्हणायचो. चाळीस दिवस चाळीस रेकॉर्डिंग. एकातही शेवट चुकला नाही. बोलता बोलता थांबायची, "थांबा, सापडलं" आणि बंद.

एकेचाळीसावं ती गेली त्याच दिवशीचं आहे, दुपारी दोन चाळीसचं. ते मी दोन दिवस लांबवलं. मग ऐकलं.

"हं, ऐका. यादीत शंभर माणसं आहेत. मी स्वतः मोजली, शंभरच. पण हा प्रोग्राम मोजतो तेव्हा एकशे एक येतात. एक जास्तीचा येतो कुठून? पहिल्यापासून बघितलं, शेवटापासून बघितलं. यादीत कुणी दोनदा नाही. जो नाही, त्याला हा मोजतोय कसा?" मग थोडा वेळ काही नाही. खालून माझ्या मशीनचा आवाज ऐकू येतो. "ऐकताय ना? मग म्हणा की." मी म्हटलं. ती बोलली नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "राहू दे आत्ता. आधी तो टोळ संपवते, मग खाली येऊन सांगते."

तिथे ते संपतं.

मी लीडला विचारलं, ती चूक पुढे कुणी शोधली का. तो म्हणाला, "काका, तो प्रोग्राम गेल्या महिन्यात काढूनच टाकला. टोळही आता कुणी वापरत नाही. ती चूक सापडून कुणाला काही उपयोग नाही."

"तू मला त्या प्रोग्रामची पानं छापून आणून दे."

त्याने अकरा पानं आणली. कपाटात बायकोची चोवीस वर्षांपूर्वीची, पहिलीवहिली शिकायची वही होती. ती मी काढली. त्यात परीक्षा नाही, टक्के नाहीत, नाचणारा कप नाही. शब्दांपुढे शब्दांचे अर्थ आहेत आणि एका कोपऱ्यात माझं चित्र आहे, नाक मोठं काढलंय. लीड मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी येतो. तासभर तो मला वही समजावतो, तासभर मी त्याला शटल. त्याने अजून एक सुई धड बसवलेली नाही, पण घाई करत नाही. मध्येच मी अडतो, त्याला काय अडलंय ते सांगू लागतो आणि तो सुईवरून डोळा न हलवता म्हणतो, "मग?"

आजपर्यंत अकरापैकी सहा पानं मला समजली आहेत. पाच राहिली आहेत. एकशे एकावा माणूस कुठून येतो, ते अजून सापडलेलं नाही.